श्वासासाठी वर न येणारा भुंगेरा

"पाहुण्याची खुर्ची मुलीच्या खुर्चीला चिकटवून मांडू नकोस, मेरिन," हेझल आत्या मला म्हणाली होती. "पाहुणा काम झालं की जातो. आपण दोन दिवस हळहळतो आणि मग मेंढ्यांमागे लागतो. पोरं तशी नसतात. पोरं रिकाम्या खुर्चीला जेवण वाढतात."

मी हसून सोडून दिलं. भोपळा चिरता चिरता म्हणाले, आत्या, लाकडाची खुर्ची आहे ती, तिचं काय एवढं! आणि ती मी मांडलीच नव्हती. डॉटीने फरपटत आणली होती, टेबलाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत, जमिनीवर दोन पांढऱ्या रेघा उठवत... आणि आमचा पाहुणा निको त्या खुर्चीवर बसून, अगदी गंभीर चेहऱ्याने, माझ्या मुलीच्या चमच्यातून वाटाणे खात होता.

पण गोष्ट खुर्चीपासून सुरू होत नाही. गोष्ट सुरू होते दोन बुटांपासून.

आमच्या रानात पाण्याची फेरी माझ्याकडे असते. एक दिवसाआड पिकअप काढायची, एकेका विहिरीवर जायचं, पवनचक्की फिरतेय का, मेंढ्यांची पाण्याची डोण भरलीय का, कुणी चिखलात रुतलं नाही ना, एवढं बघायचं आणि पुढे निघायचं. डॉटी शेजारच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली. तिच्या उजव्या बुटाला मेंढीच्या गळ्यातली छोटी घंटा. ती पहिलं पाऊल टाकायला लागली त्याच दिवशी मी ती बांधली. लोक हसतात. हसू देत. आमच्या अंगणातून जवळचं कुंपणसुद्धा दिसत नाही, आणि अडीच वर्षांचं पोर वावटळीसारखं कुठल्याही दिशेला जातं.

त्या दिवशी क्वान्डाँग नावाच्या विहिरीजवळ एक अनोळखी हिरवी पिकअप उभी होती. आणि विहिरीच्या काठावर दोन बूट. बुटांच्या पुढे पाय, पायांच्या पुढे कमरेचा पट्टा, आणि पट्ट्याच्या पुढे – काहीच नाही. उरलेला माणूस विहिरीच्या आत.

मी गाडी थांबवली, किल्ली काढून खिशात टाकली, डॉटीच्या बाजूची काच अर्धी खाली केली, तिच्या हातात बिस्किट दिलं आणि मगच धावले. आई झाल्यावर माणूस घाबरतोसुद्धा क्रमाक्रमाने.

दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि जीव खाऊन ओढला.

"जरा हळू," विहिरीतून घुमत आवाज आला. "पट्टा जुना आहे."

तो बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, नाकाच्या शेंड्याला चुनखडी, हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला टोपीसारखी निमुळती बारीक जाळी. डोळे मात्र... जाऊ दे. डोळ्यांचं लिहायला बसले तर विहीर राहूनच जाईल.

"मला वाटलं तुम्ही पडलात," मी म्हणाले. मला धाप लागली होती.

"अजून नाही. पण वर काढायला कुणी असेल, तर पडून बघायला हरकत नाही."

मी पट्टा सोडला. इतका वेळ धरूनच ठेवला होता, हे तेव्हा लक्षात आलं.

निको राकिच त्याचं नाव. पर्थच्या विद्यापीठातला, पाण्यातल्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करणारा. तो येणार हे आत्याला रेडिओवरून (आमच्या रानांत फोनऐवजी त्यावरच बोलणं होतं) कळलं होतं आणि मी डोळ्यांपुढे एक टकलू, चष्मेवाला, साठीचा गृहस्थ आणून ठेवला होता. तो गृहस्थ तिथल्या तिथे विरघळला. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोठ्या उत्साहाने सांगून टाकलं की तुमचं नशीब चांगलं आहे, आत्या आज सकाळीच येऊन विहीर साफ करून गेली. चांगला दोन ओंजळी मोरचूद टाकला. शहरातला शिकलेला माणूस येतोय, त्याने जाळी सोडली आणि वर किडे आले तर घराण्याची लाज जाईल, असं म्हणत होती.

तो विहिरीच्या काठावर हळूच बसला. पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मी किड्यांसाठीच आलोय," तो म्हणाला.

रागाने नाही. कुणी पाहुण्यासाठी म्हणून घर झाडून काढावं आणि त्याच केरात पाहुण्याची अंगठी जावी, अशा आवाजात.

आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी पाणी साफ होतं. इतर ठिकाणी लोक पडदे धुतात, आम्ही विहीर धुतो. मेंढ्यांना मोरचूद सोसत नाही, म्हणून आत्याने त्यांना आधी दुसऱ्या रानात हाकललं होतं, डोणीचा नळ बंद केला होता, सगळं नीट, रीतसर. पाहुण्याच्या किड्यांचा विचार तेवढा राहिला. तो कोण करणार?

निकोला हसू आलं. आधी ओठांच्या एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. मलाही आलं. गाडीतून डॉटीने विचारलं की काय झालं, आणि आम्ही दोघंही तिला सांगू शकलो नाही.

आत्याला कळलं तेव्हा ती ओट्याला टेकलीच. हेझल आत्या म्हणजे नवरा गेल्यावर एकटीने हे रान सांभाळणारी बाई, दुष्काळात न रडलेली. पण आपल्या पाहुण्याचं काम आपल्याच हाताने मारलं, हे तिला सोसेना. तिने लोकर कातरणाऱ्यांची खोली उघडून दिली, मटणाचा मोठा तुकडा भट्टीत घातला, जर्दाळूचा मुरंबा काढला. आणि विचारलं, आता काय करायचं?

निकोने सांगितलं ते असं. विहीर पवनचक्कीने उपसायची, पाणी लांब ओतून द्यायचं. मग खडकाच्या भेगांतून नवं पाणी झिरपेल. तो ज्याच्या शोधात आला होता तो भुंगेरा विहिरीत राहतच नाही, विहिरीमागच्या खडकातल्या पाण्यात राहतो. नशिबात असेल तर नव्या पाण्याबरोबर येईल. आला की निको निघेल. नाही आला, तर महिनाअखेरपर्यंत थांबेल.

हे त्याने अगदी सहज सांगितलं, बटाटे घेता घेता. पण त्या संध्याकाळपासून घरातल्या प्रत्येकाला तो हिशेब पाठ झाला. मिळाला की निघणार. नाही मिळाला तर राहणार.

आणि वारा पडला.

आमच्याकडे वारा पडला की माणसांची तोंडं लांब होतात. पवनचक्कीची पाती आभाळाला चिकटल्यासारखी उभी. तिची करकर थांबली की कानांना सुचत नाही काय ऐकावं. आत्या उगाचच कपाटं आवरायची. मी फाटकाची कडी बघून यायची, परत जाऊन बघायची. डॉटीचा गळा गरम लागतोय का, ती इतकी गप्प का, ती इतकी बडबडते का... निको विहिरीवर जाऊन यायचा आणि हात हलवायचा – काही नाही. मला बरं वाटायचं. मग बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

एका तिन्हीसांजेला तो स्वयंपाकघराच्या पायरीवर चहा पीत बसला होता. त्याची पिकअप समोरच उभी, बॉनेट पुसून लख्ख केलेलं. अचानक टप्... टप्... कुणी खडे टाकावेत तसा आवाज. मी डॉटीला जवळ ओढलं.

"घाबरू नकोस. पाहुणे आलेत," निको म्हणाला. पहिल्याच दिवशी तुम्हीचं तू झालं होतं, आमच्याकडे त्याला वेळ लागत नाही.

मुगाच्या डाळीएवढे काळपट भुंगेरे बॉनेटवर पडत होते, आपटत होते, गोल गोल फिरत होते. त्यांना ते पाणी वाटत होतं. संध्याकाळी हे उडत निघतात, निको सांगत होता, डबकं आटलं की दुसरं शोधायला. पाण्यावरचा उजेड जसा लखलखतो तसं काहीही दिसलं, गाडी असो, पत्रा असो, की घातलीच उडी.

"चकाकेल तिथे उडी टाकणारा," मी म्हणाले. "हा प्रकार माझ्या ओळखीचा आहे."

डॉटीचा बाप खाणीवर कामाला गेला होता. मग त्याहून मोठ्या खाणीवर. मग त्याचं नाताळचं कार्डही यायचं थांबलं. मी निकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. आत्याने सांगितलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही.

"चिडू नकोस त्याच्यावर," तो भुंगेऱ्याकडे बघत म्हणाला. "तो पाणीच शोधत असतो. लांबून फरक कळत नाही."

"आणि जवळ आल्यावर?"

"जवळ आल्यावर चटका बसतो. मग काही उडून जातात. काही..." त्याने वाक्य तिथेच सोडलं, उठून बॉनेटवर जुना टॉवेल टाकला, आणि एकाला ओल्या बोटावर उचलून मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत सोडलं.

डॉटी बरणीला नाक लावून बसली. भुंगेरा सुर्रकन तळाशी गेला, थोडा वेळ भटकला आणि पुन्हा वर आला. पाठीचं टोक पाण्याबाहेर काढलं, पंखांच्या ढालीखाली हवा भरून घेतली आणि एक रुपेरी बुडबुडा शेपटीला लावून परत खाली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

मग निकोने शर्टाच्या खिशातून बोटाएवढी काचेची कुपी काढली. आत, औषधात बुडवलेला, तांदळाच्या कणीएवढा एक जीव. फिकट चहाच्या रंगाचा. मी कुपी डोळ्यांजवळ धरली. त्याला डोळेच नव्हते.

"हा शेजारच्या रानातल्या विहिरीतला," तो म्हणाला. "तुमच्या विहिरीत असलाच तर तो याचा चुलतभाऊ असेल, पण हाच नसेल. तुमचा खडक वेगळा, त्यांचा वेगळा. मधल्या कोरड्या जमिनीतून कुणी कुणाला भेटायला जात नाही. गेल्या लाखो वर्षांत गेलेलं नाही."

"म्हणजे लग्न जमवायचं तर मोठी पंचाईत."

"घरातल्या घरात जमवतात." तो हसला. मग थोडा थांबून म्हणाला, "यांचे पूर्वज बरणीतल्या त्याच्यासारखेच होते. उडणारे, भटकणारे. वरचं पाणी आटत गेलं, तसे काही उडून गेले आणि काही पाण्याबरोबर खाली उतरले. खाली उजेड नाही, म्हणून डोळे गेले. उडायला आभाळ नाही, म्हणून पंख गेले."

"हरवले?"

"हरवले कशाला? लागत नव्हते, ठेवले नाहीत." तो कुपी परत घेताना त्याची बोटं माझ्या तळव्यावर क्षणभर राहिली... की मला तसं वाटलं. "पण सगळ्यात गंमत वेगळीच. हा श्वास घ्यायला वर येत नाही. कधीच नाही. पाण्यातली हवा अंगानेच पिऊन घेतो."

मी म्हणाले, मग मी या दुसऱ्या जातीची. इथे जन्मले, कॉलेजपुरती पर्थला गेले आणि पुन्हा इथेच, खडकात. पंखबिंख कधीच गेले.

"तू?" निको मनापासून हसला. "हा चहा संपायच्या आत तू कितीदा उठलीस? एकदा फाटक बघायला, एकदा भट्टी, एकदा डॉटीचं कपाळ. तू वरची आहेस, मेरिन. तुला सारखं वर येऊन श्वास घ्यावा लागतो."

मला राग यायला हवा होता. मी उठले – आणि पुन्हा बसले, कारण उठण्याचं कारणच आठवेना. तो माझ्याकडे बघत होता. बरणीत भुंगेरा वर आला, खाली गेला.

दुसऱ्याच दिवशी डॉटीने ती खुर्ची ओढली, आणि आत्याने मला ते सांगितलं जे मी वर लिहिलंय.

वारा आला तो पश्चिमेकडून, दुपारी, लाल धूळ घेऊन. पवनचक्कीने आळोखेपिळोखे दिले आणि करकरायला लागली. आत्या अंगणात उभी राहून तिच्याकडे बघत होती, जसं देवळात बघतात. विहीर उपसली गेली. हिरवट पाणी लांब खडकाळ जमिनीवर ओतलं गेलं. मग झिरपा सुरू झाला, थेंब, थेंब, मग धार.

निको रोज सकाळी जाळी सोडायचा. मी पाण्याच्या फेरीला निघताना वाट थोडी वाकडी करून तिकडूनच जायची. तो काठावर बसलेला असायचा, आणि लांबूनच हात हलवायचा: काही नाही. संध्याकाळी विद्यापीठातून रेडिओवर विचारणा व्हायची आणि तो आमच्याकडे पाठ करून सांगायचा, अजून काही नाही, बघतोय. पाठ का करतो, असं तेव्हा मला वाटलं नाही. मी त्याच्या मानेवरचा उन्हाने रापलेला पट्टा बघत असायची.

तो घरात मिसळत गेला. वॉशिंग मशीनचा पट्टा बदलला. पर्थजवळ स्पिअरवुडला त्याच्या आईची अंजिराची झाडं आहेत, तिथली सुकी अंजिरं त्याने आत्याला दिली आणि आत्याने त्यांचा केक केला. एकदा डॉटीच्या बुटावरची घंटा सैल झाली तर त्याने गुडघ्यावर बसून ती परत बांधली, आणि मी दीड वर्ष जी गाठ मारत होते त्यापेक्षा चांगली गाठ मारली. हसला नाही घंटेला. फक्त एकदा वाजवून बघितली. मला उगीचच डोळ्यांत पाणी आलं आणि मी धुळीवर ढकललं.

माझी झोप उडाली होती. डॉटी "निको" म्हणायला शिकली होती. सकाळी उठल्यावर पहिला शब्द तोच. मी मनात महिनाअखेरपर्यंतचे दिवस धरून बसायची, जसं कुणी हातात पाणी धरून बसावं.

आणि मग ती दुपार.

निको पवनचक्कीच्या शिडीवर चढून तेल घालत होता. डॉटीचे हात मुरंब्याने बरबटलेले, म्हणून मी विहिरीतून बादलीभर पाणी शेंदलं आणि पांढऱ्या मग्यात थोडं ओतलं. पांढऱ्या तळावर काहीतरी हललं. तांदळाच्या कणीएवढं. फिकट.

मला आधी वाटलं कोंडा असेल. मग त्याचे पाय दिसले. तो मग्याच्या तळाशी चालत होता, कडेकडेने, चाचपत. मी वाट बघत राहिले तो वर यायची. आला नाही. आणखी थांबले. नाहीच. माझा जीव घाबरा झाला – बुडतोय हा, याच्यात वर यायचीही ताकद उरली नाही, मोरचुदाचं काहीतरी राहिलं असणार... विचार करायलाही थांबले नाही. चमच्याने त्याला अलगद उचललं आणि ओल्या रुमालावर ठेवलं.

"घे, बाळा," मी म्हणाले. "घे श्वास."

तो कुशीवर पडला. पाय हवेत मारायला लागला. कोरड्या हवेत त्याचं अंग चकाकायचं थांबलं, पायांची गती मंदावली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी रुमालच मग्यात बुडवला. तो सुटला, सरळ खाली गेला, आणि तळाशी जाऊन पुन्हा चालायला लागला, जणू काही झालंच नव्हतं. वर यायचं नाव नाही.

मी मगा दोन्ही हातांत धरून उभी राहिले. माझ्या हातात काय आहे हे आता मला समजलं होतं.

विहीर एका हाताच्या अंतरावर. मगा वाकडा करायचा अवकाश. निको शिडीवर, पाठ माझ्याकडे. महिनाअखेर अजून लांब होती. आणखी किती संध्याकाळी, किती चहा... मी डॉटीकडे बघितलं. ती शिडीकडे बघून हात हलवत होती, मुरंब्याचा हात, आणि वरून तो तेलाचा हात हलवत होता.

"निको," मी हाक मारली. "खाली ये. तुझं काम झालंय."

तो उतरला. हात पँटला पुसत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला, मग्यात डोकावला. भिंग काढलं नाही. खिशाकडे हातही नेला नाही.

"हो," तो म्हणाला. "हाच."

"मग खूश हो की."

तो मग्याकडे बघत राहिला. कान लाल झाले होते त्याचे.

"हा मला गेल्याच आठवड्यात भेटलाय, मेरिन. जाळीत रोज येतात एकदोन. विद्यापीठासाठी एक ठेवलाय बाटलीत. बाकीचे परत सोडतो."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी विचारलं, आणि रेडिओवर ते रोजचं? तो म्हणाला, खोटं बोललो.

आनंद व्हायला हवा होता ना? कथांमध्ये होतो. मला संताप आला. पायांपासून वर चढत गेला. मी मगा डोणीच्या काठावर ठेवला, कारण आत तो बिचारा होता.

"तुला कल्पना आहे का," मी म्हणाले, "ही पोर रोज सकाळी तुझ्यासाठी वेगळी ताटली काढते? मी रोज रात्री तिला सांगते की पाहुणा आहे तो, जाणार आहे. तू कारण काढून राहिलास, निको. कारण नसताना राहिला असतास का?"

शेवटचं वाक्य मला बोलायचं नव्हतं. ते सुटलंच.

वर पवनचक्की करकरत होती. डॉटी आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली आणि आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघायला लागली.

"हेच तुला विचारायचं होतं," निको हळू म्हणाला. "विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून भुंगेरा मिळू देत नव्हतो." तो जमिनीकडे बघत होता. "मी एका जागी राहणाऱ्यातला नाही. तुला खोटं सांगणार नाही... आता तरी नाही. पूर्वेकडच्या कितीतरी विहिरी बाकी आहेत माझ्या. पण प्रत्येक विहिरीनंतर माणूस कुठेतरी परततो. मी पर्थला एका खोलीत परततो, तिथे फ्रिजसुद्धा माझी वाट बघत नाही."

मी डॉटीचा मुरंब्याचा हात माझ्या हाताने पुसायला घेतला.

"मी माझं सामान इथे ठेवून जाऊ?" त्याने विचारलं. "जाळी आणि सूक्ष्मदर्शक नेतो. बाकी सगळं इथे."

"सगळं म्हणजे काय काय?"

"दोन शर्ट. हिवाळ्याचा कोट. अंजिरांची उरलेली पिशवी. आणि..."

"आणि?"

"ते आधीच ठेवलंय. तू बघितलं नाहीस."

मी बघितलं होतं. पण ते त्याला सांगायची घाई नव्हती. मी म्हणाले, मी काळजी करणारी बाई आहे, हे जाणार नाही, औषध नाही त्याला. रोज संध्याकाळी रेडिओवर तुझा आवाज ऐकू यायला हवा. कुठे आहेस, पाणी किती आहे, जेवलास का. एक दिवस चुकला तरी मी आत्याला मागे बसवून शोधायला निघेन, आणि ती वाटेभर बोलेल.

"रोज," तो म्हणाला.

"आणि डॉटीशी बोलायचं. माझ्या आधी."

"तिच्याशी आधी."

मग त्याने तेलाने माखलेला हात पुढे केला, आणि मी मुरंब्याने माखलेला माझा हात त्यात दिला. इतका चिकट हात आयुष्यात कुणी धरला नसेल माझा. सोडवता येईना. सोडवला नाही.

घरी गेल्यावर आत्याने दोघांकडे बघितलं, हातांकडे बघितलं आणि भट्टीचं दार उघडता उघडता एवढंच विचारलं की आता हा पाहुणा राहिला नाही म्हणायचं का. निको म्हणाला, नाही राहिला. आत्या म्हणाली, बरं झालं, मोरचूद वाचला.

हे झालं ते मागच्या वर्षी. तेव्हापासून तो जातो आणि येतो. एक विहीर झाली की परत, दुसरी झाली की परत. मेंढ्यांची लोकर कातरून झाली की आम्ही लग्न करणार आहोत, इथेच, अंगणात. डॉटीने ठरवलंय की ती दोघांच्या मधे उभी राहणार. संध्याकाळ झाली की ती स्टूलवर चढून रेडिओचं बटण दाबते, त्याला दिवसभराचं सगळं सांगते, मग मला देते. मी तेच तीन प्रश्न विचारते. तो तीच तीन उत्तरं देतो, आणि मग चौथं काहीतरी, जे मी इथे लिहिणार नाही.

आता तो खाऱ्या तळ्याच्या पलीकडे आहे, जिथली रानं माणसांनी सोडून दिलीत आणि विहिरी तेवढ्या उरल्यात. काल संध्याकाळी त्याचा आवाज आला नाही. आत्या म्हणते टेकड्या आडव्या येत असतील. शेजारी म्हणतात बॅटरी उतरली असेल, नेहमीचंच आहे. उद्या सकाळपर्यंत काही कळलं नाही तर आम्ही गाडी काढतोच आहोत, डबे भरून ठेवलेत. मला माहीत आहे की टेकड्या असतात. मला माहीत आहे की बॅटऱ्या उतरतात. डॉटी मात्र स्टूलवरून उतरायला तयार नाही.

म्हणून, तुम्ही त्या बाजूला असाल, किंवा कुणी जाणारं तुमच्या ओळखीचं असेल, तर खाऱ्या तळ्याच्या वाटेवर एक हिरवी पिकअप दिसेल. मागची एक काच फुटलीय, तिथे प्लायवूड लावलंय. थांबा जरा. त्याचा पाण्याचा कॅन हलवून बघा. तो म्हणेल, मी ठीक आहे. त्याच्या शब्दावर जाऊ नका, समोर बसवून काहीतरी खायला घाला. आणि मग कुठल्याही रानातून आमच्या रेडिओवर एवढंच सांगा, की तो आहे.

बाकीचं मी विचारेन त्याला.